गुरांचा डॉक्टर ते केंद्रीय मंत्री : संजीव बालियान यांची वाटचाल आणि आपलं कोकण

लांजेकर

नमस्कार मंडळी,

कोकणाने दिल्लीला पाठवलेली माणसं आठवून बघा. १९५२ साली कुलाब्यातून (आताचा रायगड जिल्हा) चिंतामणराव देशमुख निवडून गेले, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आणि तेव्हाचे अर्थमंत्री. राजापूरचे नाथ पै बॅरिस्टर. त्यांच्यानंतर आले मधु दंडवते, सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. अंतुले बॅरिस्टर, सुरेश प्रभू सीए. नाथ पैंचं नाव निघालं की आमच्याकडची म्हातारी माणसं आजही हात जोडतात. पण या यादीत गुरांचा डॉक्टर नाही. ज्या मुलखात दावणीला जनावर नाही असं घर सापडायचं नाही, त्या मुलखाची ही यादी आहे.

म्हणून संजीव बालियान यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं. मी त्यांच्या पक्षाचा किंवा विरोधातल्या पक्षाचा कार्यकर्ता नाही. गाई पाळतो, थोडी कलमं आहेत, एवढीच माझी ओळख.

बालियान १९७२ चे, मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या कुटबी गावचे. शेतकरी जाट घर. शिक्षण हिसारला, चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठात. पशुवैद्यकाची पदवी तिथली आणि पीएच.डी.सुद्धा तिथलीच. मग हरियाणात सरकारी पशुवैद्यकाची नोकरी. हिसार हे या विद्येचं मोठं ठाणं आहे: म्हशींवरची केंद्रीय संशोधन संस्था तिथे, घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तिथे, आणि मुऱ्हा म्हैस तर हरियाणाचीच. अशा ठिकाणी शिकलेला माणूस नोकरी सोडून राजकारणात येतो आणि २०१४ ला पहिल्याच लोकसभा निवडणुकीत मुझफ्फरनगरमधून चार लाखांहून जास्त मतांनी निवडून येतो. लगेच कृषी खात्याचे राज्यमंत्री. २०१६ ला जलसंपदा आणि गंगा शुद्धीकरणाचं खातं, सप्टेंबर २०१७ ला राजीनामा.

२०१९ ला समोर अजितसिंह उभे राहिले, म्हणजे ज्या चौधरी चरणसिंहांच्या नावाच्या विद्यापीठात हे शिकले त्यांचे चिरंजीव. बालियान जिंकले, पण फक्त ६,५२६ मतांनी. त्यानंतर त्यांना मिळालं ते त्यांच्या शिक्षणाचं खातं: मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय. हे स्वतंत्र मंत्रालयच २०१९ ला झालं, तोवर गुरंढोरं हा कृषी मंत्रालयाच्या पोटातला एक विभाग होता. तिथे ते पाच वर्षं राज्यमंत्री राहिले, आधी गिरिराज सिंह कॅबिनेट मंत्री असताना आणि २०२१ पासून परशोत्तम रुपालांबरोबर. २०२४ ला समाजवादी पक्षाच्या हरेंद्र मलिकांकडून २४ हजारांहून जास्त मतांनी पराभव.

या पाच वर्षांतलं एक काम आपल्या गोठ्यापर्यंत आलेलं आहे. सप्टेंबर २०१९ ला मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी, सगळा खर्च केंद्राचा. लाळ्या खुरकूत (तोंडात आणि खुरांत फोड आणणारा) आणि ब्रुसेलोसिस (गाभण जनावराचा गर्भ पाडणारा) हे दोन रोग धरले. २०३० पर्यंत लसीकरणाच्या जोरावर लाळ्या खुरकूत देशातून घालवायचा, असं उद्दिष्ट. आपल्या जनावरांच्या कानात जो पिवळा बिल्ला आणि त्यावर बारा आकडी नंबर दिसतो, त्याची मोहीम याच काळात जोरात आली. हे सगळं एकट्या राज्यमंत्र्याने केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याने स्वतः लाळ गळणारं जनावर धरलं आहे असा माणूस त्या खात्यात बसतो, याचं मला मोल वाटतं.

आता माझा खरा प्रश्न. कोकणातून असं कोणी का गेलं नाही? हुशार मुलं तर आपल्याकडूनही या शिक्षणाला गेली.

गुहागरी

लेख आवडला, पण अर्धी बाजू राहिली. २०१३ च्या मुझफ्फरनगर दंगलीच्या संदर्भात बालियान यांच्यावर गुन्हे दाखल झाले होते. २०१४ चं ते प्रचंड मताधिक्य त्या वातावरणातलं आहे. त्या मतांना पशुवैद्यकाच्या पदवीचं मत समजू नका. तिथे ऊस, जाट समाज आणि ती दंगल या तीन गोष्टींवर निवडणूक झाली. गुरांच्या डॉक्टरला लोकांनी डोक्यावर घेतलं असा समज होऊ नये, एवढ्यासाठी लिहिलं.

लांजेकर

गुहागरी, बरोबर आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. चार लाखांवरून साडेसहा हजार, मग पराभव. मधली पाच वर्षं ते पशुसंवर्धनाच्याच खात्यात होते, म्हणजे मतदाराने खात्याचं काम बघून कौल दिला असं म्हणायला जागा नाही. माझा रोख निवडून येण्यावर नाही. निवडून आल्यावर कोणत्या खुर्चीत कोण बसतं, यावर आहे.

जुना_पविअ

मी पशुधन विकास अधिकारी (पविअ), म्हणजे सरकारी गुरांचा डॉक्टर म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ रत्नागिरी जिल्ह्यात, शेवटी रायगड. लांजेकरांच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर आहे.

माणसांच्या डॉक्टरचा स्वतःचा दवाखाना असतो. तो दवाखाना चालवत नगरसेवक होतो, आमदार होतो, हरला तर दुसऱ्या दिवशी पेशंट बघायला बसतो. आमच्याकडे कोकणात खाजगी प्रॅक्टिसवर घर चालत नाही. गाय दोन-अडीच लीटर दूध देणारी, मालक तिच्या उपचाराला किती खर्च करणार? त्यामुळे पदवी झाली की सरकारी नोकरी. आणि सरकारी नोकराला निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा. घरातल्या एकुलत्या एक पगारावर पाणी सोडून कोण उभा राहील? पश्चिम उत्तर प्रदेशात माणसामागे जमीन असते, उसाचे पैसे असतात. आमच्या मुलाकडे वडिलांची वीस गुंठे वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, आणि भावकीचा वाद.

दुसरी गोष्ट बदलीची. तीन-चार वर्षांत तालुका बदलतो. राजकारणाला लागतो तो गावाचा आधार अशाने तयार होत नाही.

पण गुरांच्या डॉक्टरला जे दिसतं ते दुसऱ्या अधिकाऱ्याला दिसत नाही, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन. संगमेश्वर तालुक्यातली एक रात्र सांगतो. आषाढाचा पाऊस, गाय अडलेली. साकवावरून पाणी जात होतं म्हणून गाडी अलीकडे ठेवली आणि पोरांनी दोरी धरून मला पलीकडे नेलं. वाड्यात लाईट नव्हती, दोन बॅटऱ्या. वासराचे पुढचे दोन्ही पाय बाहेर, मुंडी मात्र आत मागे वळलेली. घरच्यांनी तासभर पाय ओढले होते, त्याने ती आणखी अडकली. अशा वेळी ओढायचं नसतं, आधी मागे सारायचं असतं. शेपटीच्या मुळाशी बधिरतेचं इंजेक्शन दिलं, खांद्यापर्यंत हात साबणाने धुऊन खोबरेल लावलं, आणि गाईची कळ ओसरली की तेवढ्यात वासरू आत ढकलायचं. जागा झाली की बोटं जबड्यात अडकवून मुंडी फिरवायची. कळ आली की तुमचा दंड तिच्या हाडात चेपतो, तेव्हा हलायचं नाही. मुंडी सरळ झाली, मग एक पाय आधी, दुसरा मागून, कळेबरोबर खालच्या दिशेने ओढ. वासरू बाहेर आलं ते निपचित. नाकपुडीत पेंढ्याची काडी घातली, गोणपाटाने खसाखसा पुसलं, तेव्हा शिंकलं.

मला त्या घरात काय दिसलं ते सांगतो. धड साकव नाही, लाईट नाही, कर्ता माणूस मुंबईला, घरात सासू आणि सून. ती गाय बचत गटाच्या कर्जावर घेतलेली, म्हणजे गाय गेली असती तर हप्ता राहिला असता आणि दूध गेलं असतं. बांधकाम, वीज, बँक, स्थलांतर, बाईच्या हातातला पैसा, सगळ्या खात्यांचा प्रश्न एका वाड्यात. तहसीलदारापुढे हे पाच वेगळ्या अर्जांनी येतं. म्हणून वाटतं, आमच्यातला कोणीतरी वर जायला हवा होता.

परळकर

पविअ सर, वाचताना परळचे दिवस आठवले. माहितीसाठी: आपलं परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. कोकणातल्या किती घरांतली पोरं बोटीने आणि नंतर एसटीने तिथे शिकायला आली असतील!

तुम्ही सांगितलेलं खाजगी प्रॅक्टिसचं कारण परदेशातली उदाहरणं बघितली की पटतं. अमेरिकेत वेन ॲलर्ड कोलोरॅडोमध्ये लव्हलँडला स्वतःचं जनावरांचं हॉस्पिटल चालवायचे. १९९१ पासून प्रतिनिधिगृहात, १९९७ पासून सिनेटमध्ये. दोनच वेळा सिनेटर राहीन असा शब्द दिला होता, तो पाळून २००९ ला बाजूला झाले. फ्लोरिडाचे टेड योहो मोठ्या जनावरांचे डॉक्टर, २०१३ ते २०२१ खासदार. ऑरेगॉनचे कर्ट श्रेडर हेही पशुवैद्यक. तिघांची प्रॅक्टिस स्वतःची. नोकरीचा राजीनामा, पेन्शनचा घोर, असलं काही मध्ये आलं नाही.

ब्रिटनचे नील हडसन वेगळे, ते विद्यापीठात शिकवणारे. २००१ ला तिकडे लाळ्या खुरकुताची साथ आली, साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. त्या साथीत हडसन पशुवैद्यक म्हणून काम करत होते. डिसेंबर २०१९ ला ते पेनरिथ अँड द बॉर्डर या मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेले. हा भाग कंब्रिया परगण्यातला, २००१ च्या साथीने सगळ्यात जास्त होरपळलेला. १८८४ नंतर कॉमन्समध्ये निवडून गेलेला पहिला पशुवैद्यक! म्हणजे ज्या देशाच्या धर्तीवर आपलं परळचं कॉलेज निघालं, तिथेही १३५ वर्षं कोणी गेलं नव्हतं. २०२४ ला ते एपिंग फॉरेस्टमधून आले आणि विंचेस्टरमधून डॅनी चेंबर्स नावाचे दुसरे पशुवैद्यक, तेही दुसऱ्या पक्षाचे. प्राण्यांच्या प्रश्नावर दोघं एका सुरात बोलतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सावंतवाडीकर

सगळं खरं, पण दिल्लीकडे बघण्याआधी घटना बघा. जनावरांचं संवर्धन, त्यांच्या रोगांचा प्रतिबंध, पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हा राज्यसूचीतला विषय आहे, १५ वी नोंद. केंद्राकडे येतो तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या रोगाचा भाग, तोही समवर्ती सूचीत. म्हणजे केंद्रातला मंत्री लस पाठवेल, पैसे पाठवेल. तुमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर नेमणं त्याच्या हातात नाही. ते मुंबईच्या मंत्रालयात आणि जिल्हा परिषदेत ठरतं.

आमच्या भागातला दवाखाना श्रेणी दोनचा, म्हणजे पदवीधर डॉक्टरऐवजी पर्यवेक्षकावर चालणारा. पशुधन पर्यवेक्षक बिचारे धावून धावून थकतात. आणि १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पदवीधर नोंदणीकृत डॉक्टरशिवाय मोठे उपचार करता येत नाहीत. मग अडलेली गाय कोणी बघायची? पविअ सरांसारखा माणूस नेमलेला असेल तर. पद रिकामं असेल तर नाही. बालियान दिल्लीत होते तेव्हाही हे तसंच होतं.

दुसरं, शिक्षण बघून माणूस निवडायचा म्हटलं तर दंडवत्यांनी रेल्वे कशी चालवली? ते काही इंजिन ड्रायव्हर नव्हते. त्यांना प्रश्न समजून घ्यायची तळमळ होती. कोकण रेल्वे त्यातूनच उभी राहिली.

जुना_पविअ

सावंतवाडीकर, राज्यसूचीचा मुद्दा बिनतोड. तरी एक सांगतो. लस केंद्राने पूर्ण खर्चाने दिली, याचा खाली फार फरक पडला. आधी राज्याचा वाटा यायचा असे, तो अडकला की फेरी पुढे जायची. लाळ्या खुरकुताची लस सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. फेरी चुकली की आधीची मेहनत वाया. आणि ती लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. तुमची वाडी डोंगराच्या कुशीत, तिथवर रस्ता नाही, उन्हाच्या आत बर्फाचा डबा खांद्याला लावून माणूस चढतो. वर गेल्यावर गुरं रानात सुटलेली. त्या माणसाच्या वतीने दिल्लीत कोणी बोललं तर राज्यही ऐकतं.

दंडवत्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. मात्र तळमळीच्या जोडीला गोठ्याची ओळख असेल तर ती मला जास्त हवी आहे.

दर्यावर्दी

आमका कोण इचारता काय? लांजेकरानु, तुमी त्या मंत्रालयाचा नाव लिवलात, पण पयलो शब्द मत्स्यव्यवसाय आसा. गोरवांच्या डाक्टराक मासळीतला कितपत कळतला?

आता सगळ्यांसाठी नीट लिहितो. आम्ही मालवण बाजूचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे. २०२० ला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, २०,०५० कोटींची, त्याच मंत्रालयाची. बोटी, बर्फ कारखाने, पिंजऱ्यातली मासेशेती, बरंच काही त्यात आहे. पण आमचा मूळ प्रश्न पर्ससीनच्या (मोठं घेरजाळं टाकणाऱ्या) आणि एलईडीच्या (दिव्यांनी मासे ओढणाऱ्या) बोटींचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, पलीकडे केंद्राचा. एलईडी लावून केलेली मासेमारी केंद्राने बंद केली आहे, तरी रात्री समुद्रात गावजत्रेसारखा उजेड दिसतो. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून पोरं शिकून बाहेर पडतात. त्यातला एखादा खासदार झाला तर आमची रापण वाचेल. पशुवैद्यकाला माझा विरोध नाही. पण किनारपट्टीची जागा असेल तर आधी मासेमारी समजणारा हवा.

लांजेकर

दर्यावर्दी, हा विचार माझ्या लेखात यायला हवा होता. गोठा आणि होडी एकाच खात्यात आहेत, आणि आपल्याकडे कित्येकदा एकाच घरात असतात. माझा आग्रह पदवीच्या नावाशी नाही. ज्याचे हात त्या कामात भिजले आहेत असा माणूस.

दोडामार्ग_रान

मी परिचारिका आहे, तिलारी खोऱ्याजवळच्या गावात राहते. आमच्याकडे २०१६ ला माकडताप आला तेव्हाचं सांगते, कारण विषय तिथेच येऊन पोचतो.

हा रोग १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासानूर रानात पहिल्यांदा सापडलेला. विषाणू गोचिडीतून येतो. माकडं मरून पडतात ही धोक्याची खूण. काजूच्या हंगामात, जानेवारीपासून पुढे, माणसं दिवसभर बागेत पाचोळ्यात बसून बी गोळा करतात आणि नेमक्या त्याच वेळी गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात असतात. ताप आलेला माणूस आरोग्य केंद्रात येतो. मेलेलं माकड वनखात्याचं. आणि रानात चरून अंगावर गोचीड घेऊन घरी येणारी गुरं पशुसंवर्धनाची. तीन खाती, तीन कागद. आम्ही माणसाचा ताप उतरवत होतो, पण गोचीड तर गाईच्या कानामागे आणि कासेत बसलेली!

नंतर एकत्र काम झालं, गुरांना औषध लावणं, माणसांना लस, अंगाला लावायचं तेल. पण पहिल्या दिवसापासून हे तिन्ही धागे एकत्र दिसतील असा माणूस म्हणजे पशुवैद्यक. लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस या तापाचंही) तेच, लावणीच्या चिखलात माणसाला होतो, पण उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून येतो. डिसेंबर २०२२ ला नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, माणसं, जनावरं आणि रान यांचे रोग एकत्र बघायला. त्या संस्थेचं एखादं केंद्र सिंधुदुर्गात का असू नये? संसदेत हा प्रश्न विचारायला खासदार पशुवैद्यकच हवा असं नाही, पण पशुवैद्यकाला तो कोणी समजावून सांगावा लागला नसता.

गुहागरी

दोडामार्गच्या ताई, या प्रतिसादामुळे माझं मत थोडं हललं. २०२२ च्या लम्पीच्या, म्हणजे अंगावर गाठी आणणाऱ्या गुरांच्या साथीच्या वेळी आमच्या गावात दोन बैल गेले. राज्याने दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत जाहीर केली होती. त्यासाठी पंचनामा वेळेत व्हायला हवा. डॉक्टरकडे तीन दवाखान्यांचा कार्यभार, तो यायच्या आत पुरावं लागलं. एका घराला पैसे मिळाले नाहीत. लम्पीची देशी लस हिसारच्या आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी तयार केली याचा अभिमान आहे, पण गावात डॉक्टर नसेल तर लस टोचणार कोण?

परळकर

म्हणूनच मला बालियान यांच्या वाटचालीत मंत्रिपदाच्या आधीचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो: सरकारी पशुवैद्यकाने नोकरी सोडली. आपल्याकडे निवृत्त होणारे पविअ दरवर्षी असतात. साठीच्या आत, पेन्शन असलेले, अख्ख्या तालुक्यातल्या वाड्या पायाखालच्या. जिल्हा परिषद त्यांनी का लढवू नये? पशुसंवर्धन समिती तिथेच असते. लोकसभा नंतर बघू.

जुना_पविअ

परळकर, मला दोन जणांनी फोनवर हेच सुचवलं. माझी तब्येत त्या धावपळीला साथ देणार नाही. पण माझ्याहून तरुण असा एक सहकारी निवृत्त झाला आहे, त्याच्याशी मी बोलणार आहे. कोकण कपिला गाईच्या नोंदणीच्या कामात त्याने खूप पायपीट केली आहे. लहान चणीची, डोंगर चढणारी, मुसळधार पाऊस सोसणारी ही गाय देशाच्या जातींच्या यादीत आली. कोकण कन्याळ शेळी आली. पॉवर टिलर आले तसे बैल गेले, आणि पाळायला माणूस नाही म्हणून गाई सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मोकाट सुटल्या. जात नोंदली, पण पाळणारा टिकला नाही तर त्या नोंदीचं करायचं काय, हा प्रश्न त्याच्या इतका पोटतिडकीने दुसरा कोणी मांडताना मी ऐकला नाही.

लांजेकर

सर, जरूर बोला. ते उभे राहणार असतील तर लांज्यातून आम्ही काही जण प्रचाराला येऊ, पक्ष कोणता ते विचारणार नाही. सध्यापुरतं ठरलं ते असं: पुढच्या ग्रामसभेत आमच्या दवाखान्याचं रिकामं पद भरण्याचा ठराव मी मांडतो. सावंतवाडीकर, ठरावाचा मसुदा तुम्ही करून द्याल का? राज्यसूचीचा आणि १९८४ च्या कायद्याचा उल्लेख त्यात हवा. दोडामार्गच्या ताईंनी गोचिडीचा परिच्छेद लिहावा.

सावंतवाडीकर

देतो. रविवारपर्यंत इथेच टाकतो, म्हणजे बाकीच्या गावांनाही उचलता येईल. गुहागरी, पंचनाम्याचा मुद्दाही घालू या: डॉक्टर वेळेत पोचू शकला नाही तर सरपंच आणि पर्यवेक्षक यांच्या सहीचा, फोटोसकट पंचनामा ग्राह्य धरावा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर फोटोत दिसला पाहिजे.